छोटी करवली: करा, परकर आणि वीस मिनिटं

करवली ठरते ती बहुतेक वेळा नात्याने. नवरीची धाकटी बहीण, नाहीतर चुलत-मावस बहीण, नाहीतर भाची. हल्ली धाकटी बहीण एक तर नसते, नाहीतर तिचंच लग्न आधी झालेलं असतं. मग कऱ्याचा, म्हणजे पाणी घालून वर नारळ ठेवलेला तांब्या धरण्याचा, मान पाच-सात वर्षांच्या भाचीकडे किंवा पुतणीकडे जातो. मान ठरला की घरातल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे फोटो उभा राहतो: खणाचा परकर, नाकात नथ, कपाळावर चंद्रकोर. तिच्या हातात काय असणार आहे, हा विचार मंगलाष्टकं सुरू होईपर्यंत कोणाच्या मनातही येत नाही.

करा धरते ती करवली. गावाकडे कलवरी म्हणतात. अक्षरं उलटली तरी काम तेच. अंतरपाटाच्या दोन बाजूंना वधू-वर उभे राहिले की त्यांच्या पाठीशी एकेक करवली करा घेऊन उभी राहते, आणि शेवटची अक्षता पडेपर्यंत तो खाली ठेवायचा नसतो. मोठ्या मुलीला यात विशेष काही वाटत नाही. सहा वर्षांच्या मुलीला वीस मिनिटं दोन्ही हात अडकलेले, भोवती माणसांची भिंत, नाक खाजवायचीही सोय नाही. म्हणून मुलगी निवडण्यापासून पोलक्याच्या बाहीपर्यंत सगळं या अडकलेल्या हातांकडे बघून ठरवावं. चेहऱ्याकडे नंतर.

कोणती मुलगी?

चार वर्षांच्या आतली नको. तिला नटवून पुढे बसवा, हातात दोन फुलं द्या, पण करा देऊ नका. साधारण सहा ते नऊ हे वय चांगलं: सांगितलेलं कळतं, आणि मान मिळाल्याचा आनंदही असतो. दहा-अकराच्या पुढे कपड्यांबद्दल मुलींचं स्वतःचं मत असतं. ते ऐकावं, नाहीतर फोटोत कपाळाला आठी येते.

गोड, चुणचुणीत, गाणी म्हणून दाखवणारी मुलगी करवली म्हणून चांगलीच असेल असं नाही. गर्दीत न बिचकणारी आणि थोडी संथ मुलगी जास्त उपयोगी. पारख करायची तर घरातला छोटा गडू पाण्याने अर्धा भरून तिच्या हातात द्या, मंगलाष्टकांची एखादी ध्वनिफीत लावा आणि बाजूला उभं राहून बघा. आधी कोपरं खाली येतात, मग गडू पोटाला टेकतो, मग मुलगी एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलायला लागते. कोपरं कितव्या मंगलाष्टकाला खाली आली ते लक्षात ठेवा, त्यावरून तिला किती वजन झेपेल ते कळेल.

मंगलाष्टकं नावाला आठ. आत्याने रचलेलं एक, मामीने छापून आणलेलं दुसरं, आजोबांचं पाठ असलेलं तिसरं, आणि माईक हातोहात फिरण्यात जाणारा वेळ वेगळा. म्हणणारे कितीजण आहेत हे आदल्या दिवशी विचारून घ्या. जास्त असतील तर दुसरी मुलगी तयार ठेवा आणि मध्यावर करा एकीकडून दुसरीकडे द्या. करा हातातून हातात गेला तर काही बिघडत नाही. गुरुजींना आधी सांगून ठेवलं की झालं.

नात्यात तीन-चार लहान मुली असतील तर रुसवेफुगवे ठरलेले. त्यावर उपाय कामं वाटून देणं हाच. एकीला करा, एकीला अक्षतांचं तबक, एकीला गुलाबदाणी, सगळ्यात धाकटीला पेढ्यांचा डबा, अर्थात झाकण लावून. आणि करवलीचा मान, म्हणजे तिला कपडे कोण घेणार, हळदीचे आणि लग्नाचे वेगळे की एकच, हे याद्या करतानाच बोलून घ्यावं. ‘आम्हाला वाटलं तुम्ही घेणार’ हे वाक्य हळदीच्या दिवशी ऐकायला मिळालं तर शिंपी मिळत नाही, आणि मग दुकानात टांगलेला नायलॉनच्या जाळीचा घागरा घरात येतो. त्याच्याबद्दल पुढे.

करा हलका हवा

नेहमीचा तांब्या रिकामाच पावशेराच्या वर असतो. त्यात अर्धा लिटर पाणी आणि वर शेंडी राखून सोललेला चांगला नारळ, तो अर्धा किलोच्या आसपास. म्हणजे सव्वा किलोच्या पुढे वजन गेलं. एवढं वजन छातीपाशी धरून वीस मिनिटं उभं राहून बघा, मोठ्या माणसाचेही दंड भरून येतात.

लहान मुलीसाठी गडू घ्या, पाव लिटर पाणी मावेल एवढा. पाणी एक तृतीयांशच भरा, बाकी शकुनाला पुरतं. आत सुपारी, नाणं, हळद-कुंकू, घरच्या रीतीप्रमाणे जे घालत असाल ते. नारळ बाजारात बसून निवडा: तीनशे-साडेतीनशे ग्रॅमचा, बुडाशी गोल. लांबट नारळ गडूच्या तोंडावर डुलतो. गडू सोबत घेऊनच दुकानात जावं. नारळाचा घेर तोंडापेक्षा बराच मोठा असेल तर तो नुसता वर टेकतो आणि कलंडतो; घेर कमी असेल तर आत रुतून बसतो आणि नंतर निघता निघत नाही. बुडाकडचा एक तृतीयांश भाग आत जाऊन घट्ट बसला पाहिजे. अशा रीतीने सगळं मिळून वजन सहाशे-सातशे ग्रॅमवर येतं.

नारळ पडतो तो पानांमुळे. आंब्याची किंवा विड्याची पाच पानं पाण्यातून काढून तशीच ओली लावली तर पान आणि पितळ यांच्यामध्ये पाण्याचा थर राहतो आणि नारळ घसरतो. पानं पुसून घ्या. देठ आत, टोकं बाहेर, आणि पानांवरून गडूच्या गळ्याशी दोऱ्याचे तीन-चार वेढे घट्ट घाला. मग नारळ बसवा. नारळाच्या बुडाशी राहिलेल्या काथ्या कात्रीने कापा, त्या मनगटाला टोचतात आणि मुलगी हात काढून घेते.

काही घरांत कुंभाराकडून आणलेला, चुन्याने रंगवलेला मातीचा करा लागतो. रीत असेल तर जरूर घ्या, पण कोरा करा पाझरतो. आदल्या दिवशी तो पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी उपडा घालून निथळू द्या, आणि प्रत्यक्षात त्यात तळाशी घोटभरच पाणी घाला. चुना ओला असताना करा धरला तर पांढरे पंजे परकरावर उठतात, म्हणून रंगकाम दोन दिवस आधी उरकावं.

धरायची पद्धत शिकवावी लागते. डावा तळहात गडूखाली, उजवा हात गळ्याभोवती, दोन्ही कोपरं कमरेला टेकलेली. मुली साहजिकच कोपरं हवेत ठेवतात, कारण तसं धरलं की देवळातल्या चित्रासारखं दिसतं. कोपरं टेकली की भार दंडांवरून कमरेवर उतरतो.

दिवा मात्र लहान मुलीच्या हातात देऊ नये. करादिवा हा शब्द जोडीने येतो, तरी दोन्ही एकाच हातात असले पाहिजेत असं नाही. दिव्याचं तबक मोठ्या करवलीने किंवा काकूने घ्यावं आणि मुलीपासून हातभर लांब उभं राहावं. मागून माणसं ढकलतात, अक्षतांसाठी हात वर जातात, पदर उडतात. नायलॉन-पॉलिस्टरची जाळी ज्योत लागली की पेटते आणि वितळून कातडीला चिकटते. त्या तयार घागऱ्याला आमचा विरोध आहे तो मुख्यतः यासाठी. तो टोचतो, ही तक्रार दुसरी.

परकर-पोलकं की नऊवारी?

शिवलेली नऊवारी लहान मुलीला फार शोभते, आणि सात वर्षांच्या आत घालू नये. काष्टा शिवलेला असतो, त्यामुळे शू लागली की सगळंच उतरवावं लागतं. बाहेर गुरुजी ‘मुलीला आणा’ म्हणत असतात आणि आत आई पिना शोधत असते. परकर नुसता वर धरला की काम होतं. नऊवारीच हवी असेल तर कमरेला नाडीऐवजी रुंद इलास्टिक आणि बाजूला चेन लावून घ्या, आणि ती घालून-उतरवून दोनदा सराव करा.

परकराला खण उत्तम. तो मूळचा बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा. अंगाला सुती, दिसायला रेशमी, आणि दोन्ही कडांना काठ. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, साडीपेक्षा कमी असतो, पण लहान मुलीच्या परकराला तेच सोयीचं पडतं. कापडाची लांबी म्हणजे परकराचा घेर आणि पन्हा म्हणजे परकराची उंची, असं आडवं कापड वापरायचं. खालचा काठ आपोआप घोळाला येतो.

आता मापं. ११५ सेंटीमीटर उंचीची, साधारण सहा वर्षांची मुलगी धरू. कमरेपासून जमिनीपर्यंत तिचं माप २८ इंचांच्या आसपास येतं. परकर २५ इंचांचा करा. घोट्याच्या हाडापर्यंत, त्याखाली नाही. मोठ्या बायका चालताना परकर चिमटीत उचलतात. करवलीचे हात अडकलेले, तिला उचलता येत नाही, आणि बोहल्याच्या पायरीवर नेमका तिथेच पाय अडकतो. हिशेब असा: २५ इंच उंची, ३ इंच वाढीची दुमड, अर्धा इंच माया, आणि वरच्या बाजूचा काठ काढून घेतल्याचे अडीच इंच. एकूण ३१ इंच पन्हा लागतो. खणाचा पन्हा दुकानात टेपने मोजून घ्या, कारण यंत्रमागावरच्या कापडाचा पन्हा वेगळा असतो. घेराला २ मीटर, पोलक्याला पाऊण मीटर, म्हणजे पावणेतीन मीटर कापडात काम होतं. कापलेला वरचा काठ पोलक्याच्या बाह्यांना लावायचा.

वाढीची दुमड तळाशी घालता येत नाही, काठ झाकला जातो. ती काठाच्या वर, आतल्या बाजूने, आडवी घालायची: दीड इंच खोल चुणी, म्हणजे तीन इंच कापड आत जातं. ती हाताने, लांब धावदोऱ्याने शिवा. मशीनची टीप मारली तर पुढच्या वर्षी उसवताना भोकांची ओळ दिसते.

नाडी नको. लहान मुलीला कंबर नसते, पोट असतं. नाडी सैल बांधली तर घसरते, घट्ट बांधली तर जेवण झाल्यावर रुतते, आणि काळाभोर वळ दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. परकर मलमलच्या बिनबाह्यांच्या बंडीला जोडून घ्या. त्याने भार खांद्यांवर जातो, वरून पोलकं घातलं की बंडी दिसत नाही, आणि जरीचे धागे अंगाला लागत नाहीत. शिंप्याला हे समजावून सांगावं लागतं. तो ‘नाडीच बरी ताई’ म्हणतो, तरी ऐकू नये.

पोलक्याचं माप घेताना मुलीला दोन्ही हात पुढे करून, गडू धरल्यासारखं उभं करा. हात खाली सोडून घेतलेल्या मापात करा धरताच पाठ ताणली जाते, काखेतली शिवण उसवते किंवा मागचे हूक पटापट सुटतात. छाती २३ इंच असेल तर पोलकं २६ इंच ठेवा, आणि त्यातली जास्त सैल पाठीकडे. हूक पुढून. बाही कोपराच्या वर संपावी. कोपरावर आलेली काठाची बाही हात वाकवल्यावर आतून कापते. गळ्याला आणि बाहीला आतून सुती पट्टी हवीच.

कपडे दहा दिवस आधी शिवून हातात यावेत. त्याआधी नको, कारण या वयात मुली भराभर उंच होतात. त्यानंतर नको, कारण दुरुस्तीला वेळ उरत नाही. घरी तासभर घालून खेळू द्या. कुठे खाजवते ते बघा, तिथे जरीचा धागा टोचतोय.

दागिने, केस, फुलं

जितकं कमी तितकं बरं. गळ्यात ठुशी पुरे. लांब हार वाकलं की नारळाच्या शेंडीत अडकतो. खऱ्या सोन्याचा मोह टाळा, लग्नाच्या गर्दीत लहान मुलीच्या अंगावर सोनं घालून कोणाला तरी दिवसभर तिच्यामागे पळवण्यात अर्थ नाही. नाक टोचलेलं नसेल तर दाबाची नथ अगदी हलकी, आणि ती फक्त विधीपुरती. दाब सैल असेल तर ती कऱ्यात पडते, घट्ट असेल तर नाक लाल होऊन डोळ्यांत पाणी येतं. आदल्या आठवड्यात दहा-दहा मिनिटं घालून सवय करावी.

बांगड्यांचं माप बांगडीवाला १.१२, २.२ असं सांगतो, ते दशांश अपूर्णांक नाहीत. टिंबानंतरचा आकडा इंचाच्या सोळाव्या भागांचा. १.१२ म्हणजे पावणेदोन इंच, २.४ म्हणजे सव्वादोन. मुलीला सोबत नेणंच चांगलं. काचेच्या हिरव्या बांगड्या हातात दोन-दोनच भराव्यात, बाकी लाखेच्या किंवा धातूच्या. पूर्ण चुडा भरला तर गडूवर आपटून काच फुटते, आणि बोहल्यावर सगळे अनवाणी असतात.

मेंदी दोन दिवस आधी, साधी, तळहातावर एक गोल आणि बोटांची टोकं. ‘काळी मेंदी’ म्हणून विकतात तो कोन अजिबात नको. त्यात केसांच्या कलपातलं पीपीडी हे रसायन असू शकतं आणि त्याने मुलांच्या कातडीवर फोड येतात. मुलीच्या रक्तात जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर साधी मेंदीही नको, तिच्यातला रंगद्रव्याचा घटक रक्तपेशींना बाधतो. टिकलीचा डिंकही काहींना चावतो, आधी दंडावर लावून बघा.

केस आदल्या दिवशी धुवा. त्याच सकाळी धुतलेले केस भुरभुरीत राहतात, त्यांत पिनही टिकत नाही आणि गजराही. हलका तेलाचा हात, दोन घट्ट वेण्या वर बांधून त्यांचाच छोटा अंबाडा, म्हणजे गजऱ्याला पकड मिळते. विकतचा खोपा जड असतो आणि मान मागे खेचतो.

फुलांत आमची पसंती अबोलीला. वजन नाही, पाकळ्या गळत नाहीत, सकाळी माळलेली रात्रीपर्यंत तशीच. वास हवा असेल तर तिच्यात मोगऱ्याच्या चार कळ्या गुंफून घ्या. मोगरा उन्हाळ्यातला, मुहूर्त दुपारचा असेल तर अर्धवट उमललेला, गोरज असेल तर मिटलेल्या कळ्यांचा घ्यावा, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावा. शेवंतीची वेणी थंडीत स्वस्त आणि भरघोस मिळते खरी, पण लहान डोक्यावर ती टोपीसारखी दिसते आणि तासाभरात एका कानावर येते. गजऱ्याचं माप एक वीत पुरे.

हल्ली नवरीच्या आधी पाकळ्या उधळत चालणाऱ्या मुलीही दिसतात. वसई आणि गोव्याकडच्या ख्रिस्ती लग्नांत ही रीत आहेच, तिथे मुलगी पुढे चालते. आपल्याकडे ती हॉलवाल्यांच्या यादीतून आली. हौस असेल तर करा, पण गुळगुळीत फरशीवर गुलाबाच्या ओल्या पाकळ्या आणि मागून अनवाणी येणारी नवरी हा घसरण्याचा पक्का बेत आहे. पाकळ्या सुक्या हव्यात, दोनशे ग्रॅमच्या वर नकोत, आणि पायघड्यांवरच टाकाव्यात. मुली पहिल्या तीन पावलांत टोपली रिकामी करतात. ‘एका पावलाला एक चिमूट’ असं मोजत घरी सराव करून घ्या.

मुहूर्ताच्या आसपास

मुहूर्ताच्या दीड तास आधी मऊ भात-तूप किंवा तिला आवडेल ते साधं जेवण, पोटभर पण कोरडं. सरबत नको. अर्धा तास आधी शू. कपडे सगळ्यात शेवटी, नथ त्याच्याही शेवटी. गोरज मुहूर्त असेल तर दुपारी झोप झालीच पाहिजे, नाहीतर संध्याकाळी सनई सुरू झाली की पापण्या मिटतात.

तिला उभी राहायची जागा आधी दाखवा. नवरीच्या मागे मामा, फोटोवाला, त्याचा दिवा, काका, सगळेच असतात आणि बोहल्यावर तिच्या डोक्याच्या उंचीवर फक्त कोपरं येतात. एका माणसाला एवढंच काम द्या: तिच्या मागे उभं राहणं, दोन्ही हात तिच्या खांद्यांजवळ ठेवणं, आणि ती दमली असं वाटलं की करा खालून सावरणं. मामाला हे काम देऊ नका, त्याचं लक्ष भाचीकडे, म्हणजे नवरीकडे असतं.

आणि शेवटच्या मंगलाष्टकाची सूचना आधी देऊन ठेवा. ‘तदेव लग्नं सुदिनं तदेव’ ऐकू आलं की आता अंतरपाट निघणार, वाजंत्री एकदम वाजणार, चारी बाजूंनी अक्षता येणार. न सांगितलेली मुलगी दचकते आणि नेमका याच क्षणी नारळ पडतो. लांबून फेकलेल्या अक्षता नवरीपर्यंत कमी आणि करवलीच्या तोंडावर जास्त येतात. हनुवटी खाली, नजर नारळाच्या शेंडीवर, हे दोन-तीनदा खेळासारखं करून घेतलं की डोळे वाचतात. घरी मूठभर तांदूळ फेकून सराव करायला मुलींना फार मजा येते. तांदूळ नंतर झाडावे लागतात, एवढंच.

बऱ्याच घरांत यानंतर करवली कऱ्यातलं पाणी वधू-वरांच्या डोळ्यांना लावते. त्यासाठी नारळ उचलावा लागतो, आणि दोऱ्याने घट्ट बसवलेला नारळ लहान हातांना निघत नाही. तो मोठ्याने काढून द्यावा आणि तिने पान बुडवून पाणी लावावं.

विधी झाला की नथ आणि ठुशी काढा, पोलक्याचा वरचा हूक सैल करा, आणि तिला पहिल्या पंगतीला बसवा. पंगतीला जाताना परकरावरून जुना पंचा बांधा. हळदीचे डाग मात्र त्या दिवशी पडणारच. घरी आल्यावर त्यावर साबण लावला की डाग लालभडक होतो आणि घाबरायला होतं. तो हळदीचा साबणातल्या क्षाराशी खेळ आहे, कुंकू उतरलेलं नाही. साध्या पाण्याने खळखळून साबण काढा आणि परकर उन्हात वाळवा. हळदीचा रंग उन्हात उडतो, दोन-तीन उन्हं द्यावी लागतात. खणाचा रंगही उडू नये म्हणून डागाचाच भाग उन्हात ठेवून बाकीवर फडकं घाला. मग काठावरची चुणी न उसवता परकर सुती कापडात गुंडाळून ठेवा. पुढच्या हंगामात आधी उंची मोजा, मग धावदोरा ओढा.